ताई, मोजू का?

"वैनी, वेबसाइटवर येणाऱ्याचं नाव-गाव विचारू नका. आणि विचारलंच तर पानावर लटकवू तरी नका," असं माझ्या धाकट्या दिरानं, रामभाऊजींनी, पुण्याहून फोनवर बजावलं होतं. तेव्हा माझं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे आणि अर्धं लेकीच्या खोकल्याकडे होतं.

दोन हजार सहा साल. आम्ही वसमतला राहायचो. नवऱ्याचे कॉम्प्युटरचे क्लास, मी बी.एस्सी. झालेली, आणि मांडीवर राजनंदिनी. ती एकदा शिंकली की मी पुस्तक उघडायचे, दोनदा शिंकली की रिक्षा बोलवायचे. या धास्तीतूनच मी मराठीत एक वेबसाइट केली होती. बाळाचा ताप, दात, दूध आणि बाळंतपणानंतर आईला येणारं रडू, अशी एकेका विषयाला एकेक पान. जागा फुकट मिळाली, पण ती विलायतेतल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर.

"म्हणून तिथला कायदा लागतो वैनी. कोण आलं, काय वाचलं याची खूण ठेवायची तर आधी तसं सांगायचं, आणि 'नको' म्हणायची सोय ठेवायची."

"भाऊजी, ही विलायत नाही, वसमत आहे. दारात आलेल्या बाईला 'कुठल्या तुमी, कुणाच्या?' असं विचारलं नाही तर ती पाणी न पिता जाते."

म्हणून माझ्या वेबसाइटच्या दारातच तीन चौकटी होत्या: नाव, गाव, कुणाची लेक किंवा सून. त्या भरल्याशिवाय आत जाता येत नसे. शिवाय प्रत्येक पानाच्या तळाशी मी हौसेनं लाल अक्षरं सरकत ठेवली होती. कोण आलं, कुठून आलं, काय वाचून गेलं. मला वाटायचं, किती आपुलकीचं!

मग एका बाजाराच्या दिवशी एक तरणा माणूस क्लासच्या पायरीवर उभा राहिला. डोक्याला फेटा, अंगाला मेंढरांचा वास.

"ताई, मी प्रभू, कुरुंद्याचा. तुमी मला वळखत न्हाई. पण अख्खं कुरुंदा आता माझ्या बायकोला वळखून राहिलंय."

झालं होतं ते असं. कुरुंद्याच्या एसटीडी बूथवर नवा कॉम्प्युटर आला होता. प्रभूनं तिथं माझं 'दूध कमी येतं' हे पान उघडलं. बाळाच्या पानावर गड्याचं नाव कसं टाकावं, म्हणून चौकटीत बायकोचं टाकलं: प्रियंका. बूथवाल्याला सरकती अक्षरं मोठ्यानं वाचायची सवय.

"सांजंला बायांची रांग. कुणी मेथी आणली, कुणी हळीव. माय भडकली, 'मी काय सुनेला उपाशी ठेवून राहिले का?' आन् ताई, दूध तर बराबर हाय! मीच येडा. पोरगं रडलं की मला वाटतं, भुकेलं."

मी हसले, तोही हसला. मग त्यानं आवाज खाली आणला.

"आता खरी तकलीफ सांगतो. प्रियंका रोज सांज झाली की रडती. काहून, ते तिलाबी ठावं न्हाई. म्हणलं, ताईचं त्याच्यावरबी पान हाय, वाच. तर म्हणती, काई झालं तरी उघडणार न्हाई. उद्या नाव फिरंल, प्रभूची बायको रडती म्हणून."

"मी छापून देते ना."

"कागद घरात गेला की मायच्या हाती पडंल."

ते रडू मला ठाऊक होतं. राजनंदिनीच्या पहिल्या महिन्यात मी नळ सोडून न्हाणीत रडायचे, आणि ते पान त्यातूनच लिहिलं होतं. ज्या बाईसाठी लिहिलं, तीच आता त्याला भीत होती.

त्याच दिवशी भाऊजींना फोन लावला. "मी म्हणलं होतं" हे ते एकदाच बोलले. पुढं कामाचं. तीन चौकटी काढा. लाल अक्षरं काढा. जुनी नावं पुसून टाका. तेच माणूस पुन्हा आलं का, हे कळायला वेबसाइट त्याच्या कॉम्प्युटरवर बारीकशी खूण ठेवते, ती विचारल्याशिवाय ठेवू नका. त्यांनी मजकूरही पाठवला: 'सदर संकेतस्थळ आपल्या संगणकावर नोंद साठवू इच्छिते.'

सासूबाई आशाबाई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. "ही नोटीस कोर्टातून आली का गं?"

चौकटी, लाल अक्षरं, जुनी नावं मी काढलीच; नोटीस मात्र माझ्या भाषेत लिहिली: 'ताई, बसा. नाव-गाव सांगायची गरज नाही. तुम्ही पुन्हा आलात तर कळावं म्हणून तुमच्या कॉम्प्युटरवर एक खूण ठेवून नुसतं मोजू का? हो / नको. नको म्हटलं तरी सगळं वाचा.'

पहिली परीक्षा सासूबाईंचीच घेतली. त्यांनी तत्काळ 'नको' दाबलं.

"आत्याबाई, नाव नाही हो, फक्त आकडा."

"काहून मोजून राहिली मला? मी काय शेळी हाय, सांजंला कळपात आली का बघायला? वाचायला तर मिळंल ना?"

"मिळेल."

"मंग बराबर हाय."

झालं, सगळ्या बाया सासूबाईंच्याच वळणाच्या निघाल्या. आकडा असा पडला की नवऱ्यानं विचारलं, "वेबसाइट बंद केलीस का?" आकड्याचं मला काही नव्हतं. प्रियंकानं वाचलं का, हे कळेना. गुपचूप पुन्हा खूण ठेवावी, फक्त रडूच्या पानावर, फक्त एक दिवस, कुणी उघडलं तेवढं तरी कळेल, असा विचार आला. हात माउसवर गेला. पण तिनं 'नको' दाबलं असेल तर? मी माउस सोडला, राजनंदिनीला कडेवर घेतलं आणि कुरुंद्याची एसटी पकडली.

प्रभूची आई मिराबाई अंगणात पायावर नातू घेऊन त्याला तेल चोळत होती. "कुठल्या तुमी? कुणाच्या?" मी नाव, गाव, कुणाची सून, सगळं सांगितलं तेव्हा कुठं पाणी मिळालं. "मेथी संपंना अजून तुमच्या पायी!" असा टोमणाही मिळाला.

प्रियंका चुलीपाशी होती. मी हळूच विचारलं, "रडू येतं अजून?"

"येतं, पण कमी. ह्यांनी आधी बघून सांगितलं, आता नाव इचारत न्हाई म्हणून. मग ते पान वाचलं ताई. बूथवाला मागंच उभा होता. आधी 'नको' दाबलं, मग खाली बघितलं. काईच सरकंना. तो कंटाळून गेला. मग निवांत वाचलं."

"आणि सासूबाई?"

"मीच सांगितलं त्यांना. तर म्हणल्या, 'मलाबी यायचं, प्रभूच्या टायमाला. मी शेळ्यांत जाऊन रडायची.'" ती तोंडावर पदर धरून हसली. "आता सांजंला लेकरू त्याच घेतात. दवाखान्यातल्या सिस्टरकडंबी मला त्याच घेऊन गेल्या."

ते पान अजून उघडलं जातं. 'हो' म्हणणाऱ्या थोड्या, 'नको'वाल्या किती, ते मला कळत नाही, आणि मी बघणारही नाही. त्या बाया मला दिसत नाहीत, तुम्हाला दिसतात, म्हणून हे तुम्हाला सांगते. तुमच्या गल्लीत, नात्यात कुणी नुकती बाळंत झालेली असेल. आज सांजेला तिच्याकडे जाऊन या. बाळाला सगळेच बघतात. तुम्ही आधी तिच्याजवळ बसा, तिला विचारा, "तू कशी आहेस गं?" आणि ती बोलेपर्यंत उठू नका.