लागू न पडलेली गोळी

आप्पांचा कॅन्सर मणक्यात उतरला आणि आमच्या घरी बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. जो तो शहाळं घेऊन यायचा आणि अक्कल फुकट देऊन जायचा. त्यात आप्पांचे थोरले भाऊ, नागनाथकाका, सगळ्यांच्या पुढे. वळसंगहून एसटीने यायचे ते थेट आप्पांच्या उशाशी बसायचे.

आप्पांना दुखण्यावर जी गोळी चालू होती, तीच काकांना पाय मोडला तेव्हा दिली होती. "गोळी घेतली की घोरत हुतो मी," ते सांगायचे. "आन् ह्यो आमचा गुरप्पा तीच गोळी खाऊन बोंबलतोय. दुखणं कमी, थेरंच जास्त."

सख्खे भाऊ, गोळी एकच, मग एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला येत नाही, हे कुणाच्या गळीच उतरेना. दवाखान्यात वेगळं काही मागितलं तर तिथला डॉक्टर म्हणाला, त्यांना गोळीची सवय लागलीय. उभा जन्म कापडाच्या लूमवर काढलेल्या, तंबाखूलाही हात न लावलेल्या माणसाला म्हणे सवय! मी तिथे कडाकडा भांडले. उपयोग शून्य.

आप्पा मात्र शिकले. कुणी आलं की कण्हणं गिळायचे आणि घामेजल्या तोंडाने हसायचे. "बरं हाय आता. च्या घ्या." पाहुणे खूश. काका तर म्हणाले, "दटावल्यावर बघ कसा सुधारला!"

शेवटी हट्टाने मी एका डॉक्टरीणबाईंना घरी आणलं. अशा पेशंटसाठी त्या घरोघर जातात. माझं सगळं ऐकून दारातच म्हणाल्या, "गोळी पोटात गेली म्हणजे झालं असं नसतं. शरीराला तिचं औषध करावं लागतं. काहींच्या शरीरात ते होतच नाही. सख्ख्या भावांतसुद्धा फरक पडतो. तसं असेल तर मॉर्फिन सुरू करू." मला रडूच फुटलं. इतक्या महिन्यांत आप्पांना खोटं न ठरवणारं हे पहिलंच माणूस.

बाई कॉटशेजारी बसल्या. "आप्पा, गोळीने दुखायचं थांबतं का?"

आप्पा चादर मुठीत आवळून हसले. "थांबतंय की. लई बरं हाय. वैजू, बाईंला च्या ठेव."

"आप्पा, खरं सांगा की!" मी ओरडलेच.

"खरंच सांगतोय."

बाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं, पाठ दाबून पाहिली. आप्पांच्या तोंडून हूं की चूं नाही.

"ते खोटं बोलतायत हो," मी बाहेर येऊन बाईंचे हात धरले.

"घरच्यांना बघवत नाही, समजतं मला," त्या म्हणाल्या. "पण ते स्वतः बरं आहे म्हणत असताना मॉर्फिन कसं लिहू? पुढच्या महिन्यात येते, तेव्हा बघू."

पुढचा महिना आप्पांच्या नशिबात नाही, हे मला दिसत होतं. मी आत आले. आप्पा ओठ दातांखाली धरून दाराकडेच बघत होते.

"गेल्या का पावण्या?"

"गेल्या."

"मंग आता जरा कण्हू का गं?"