तक्त्याची दुसरी बाजू

बाळांनो, डोळे तपासायची एक खोली डोळ्यांसमोर आणा बरं. एका टोकाला खुर्ची, समोर खिळ्याला टांगलेला अक्षरांचा तक्ता. वर ताटाएवढं अक्षर, खाली मुंग्यांएवढी. तक्ता मागूनही छापलेला, अक्षरं वेगळी. पण ती बाजू कुणी वापरत नसे.

भिंगरीची आई इथे डॉक्टरीणबाईंची मदतनीस होती, म्हणून शाळा सुटल्यावर भिंगरी इथेच अभ्यासाला बसे. मग आजोबा तिला न्यायला येत. बावीस वर्षं ते शाळेची बस चालवत होते. रोज सकाळची प्रार्थना झाली की ते नातीला बजावत, "खोटं बोलायचं नाही आणि देवाची शपथ मोडायची नाही. यात सूट नाही हं!"

पण गेल्या आठवड्यात खोलीत कुणी नाही असं पाहून त्यांनी तक्त्याच्या खालच्या चार ओळी तिच्याकडून वाचून घेतल्या आणि पाढ्यांसारख्या घोकल्या. "डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो तर बस गेली माझी. कुणाला सांगायचं नाही. घे देवाची शपथ!"

भिंगरीने घेतली.

आणि काल सकाळी मुलांना बसने शाळेत नेताना वळणावरची सायकल आजोबांना अगदी नाकाशी आल्यावर दिसली. ब्रेक करकचून लागला, मुलं एकमेकांवर आदळली आणि खिदळली. भिंगरीला काही हसू आलं नाही.

"आजोबा," तिने घरी विचारलं, "देवाच्या दोन गोष्टी एकदम पाळता आल्या नाहीत तर?"

"तर देवाचं डोकं खायचं, माझं नाही," म्हणत आजोबांनी पेपर तोंडासमोर धरला. उलटा.

मग तिने आईला गाठलं. "शपथ मोठी की खरं?"

आई भिंगं पुसत होती. "शपथ घेताना आपण देवाला साक्षीला बोलावतो ना? मग जे त्याच्यापासून लपवावंसं वाटतं, त्यात त्याला कशाला ओढायचं? का गं, काय झालं?"

"काही नाही," भिंगरी म्हणाली. हेही खोटंच होतं.

आज आजोबा खुर्चीत ताठ बसले. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. "हं आजोबा, शेवटची ओळ वाचा."

आजोबांनी घसा खाकरला. तेवढ्यात भिंगरी उठली. तिने स्टूल सरकवलं, वर चढली आणि तक्ता खिळ्यावरून काढला.

"अगं ए, हे काय!" आई ओरडली.

"आजोबा, मी कुणाला सांगितलेलं नाही हं," भिंगरी म्हणाली. शपथ मोडली की राखली, तिचं तिलाच कळत नव्हतं.

तिने तक्ता मागची बाजू पुढे करून टांगला, खाली उतरली, आणि आजोबांचा हात घट्ट धरून खुर्चीशी उभी राहिली.