सीडीच्या कडेतून गळणारा आवाज

माझ्या बैठकीच्या खोलीत त्या सकाळी तीसेक माणसं बसली होती. बहुतेक आमच्या पिंपळवंडीची, आणि वारूळवाडीचे काही पाहुणे. मधोमध काळ्या दगडावर एक जड, चकचकीत यंत्र, आणि त्याला झेंडूचा हार.

"ऐका आता," सावळेराम म्हणाला. "भजन संपतंय. टाळ थांबले. आता रत्नावहिनी बोलतील. दोनच शब्द. 'येते मी.'"

भजन संपलं. खरखर झाली, कुजबुज झाली.

"येते मी!" शेजारचा गेणभाऊ ओरडला. "आरं द्येवा, सपष्ट!"

बायांनी डोळ्यांना पदर लावले. कुणीतरी यंत्रापुढे नारळ ठेवला.

मलाही तसंच ऐकू आलं. रत्ना माझी बायको. तिला जाऊन चौदा महिने झाले. सप्ताहात तिने म्हटलेल्या भजनाची एक सीडी, एवढाच तिचा आवाज माझ्याकडे उरला होता.

सावळेराम पूर्वी लग्नात लाउडस्पीकर लावायचा. आता स्वतःला नादवैद्य म्हणवायचा. माझा जुना प्लेअर बघून तो हळहळला होता. "चिमाजीभाऊ, ह्यो सीडी वाचत न्हाई, नुसती चाळतो. तुमाला ट्रान्सपोर्ट पायजे."

ट्रान्सपोर्ट म्हणजे सीडी फिरवून तिच्यावरचे आकडे वाचणारं यंत्र. त्या आकड्यांचा आवाज करायचं काम दुसरा डबा करतो. पहिला ट्रान्सपोर्ट आला तेव्हा सावळेराम म्हणाला, वहिनींचा श्वास ऐका. आणि मला श्वास ऐकू आला. मग त्याहून जड ट्रान्सपोर्ट आला, त्याखाली दगड आला, आणि 'येते मी' आलं.

तेव्हापासून मी अडकलो. ती येते म्हणाली, तर घर सोडायचं कसं? शेत वाट्याने दिलं. चतुर्थीला ओझरच्या गणपतीला गेलो नाही. बाहेरचा आवाज नको म्हणून सावळेरामने खिडक्यांवर गाद्या ठोकल्या. त्या अंधारात मी भजनानंतरचे ते तीन सेकंद पुन्हा पुन्हा ऐकत बसायचो. त्यात लोक यंत्राच्या दर्शनाला यायला लागले. आता उठलो असतो, तर तेच म्हणाले असते, वहिनी यायच्या वेळेला हा कुठे निघाला?

त्या सकाळी नारळ ठेवून झाल्यावर सावळेरामने पिशवीतून कानस काढली. "सीडीच्या कडंतनं उजेड गळतोय. उजेडासंगं आवाज गळतोय. कड घासली की वहिनी कवा येत्यात त्येबी ऐकू यील."

मी सीडी त्याच्या हातात दिलीसुद्धा.

"आधी एक कॉपी काढूया ना," दारातून आवाज आला. माझी भाची हर्षाली. नारायणगावच्या एका दवाखान्यात ती लोकांचे कान तपासते.

"कॉपी काढली की मूळ बाटतं, ताई."

"मग घासायच्या आधी मला एकदा ऐकू द्या. मामा, सीडी तुमची आहे."

मी मान हलवली. हर्षाली अंगणात गेली. तिथे चार बाया नुकत्याच आल्या होत्या, त्यांनी अजून काही ऐकलं नव्हतं. त्यांच्याशी दोन शब्द बोलून तिने त्यांना आत आणलं. सावळेरामने तोंड उघडलं.

"या वेळी तुम्ही गप्प बसायचं," हर्षाली म्हणाली.

सीडी लागली. भजन संपलं, खरखर झाली.

"काय म्हणाल्या मामी?"

"घे ते मीठ," सखूबाई म्हणाली. बाकीच्या तिघींनी माना डोलावल्या. "लई सपष्ट. म्हाप्रसादाची घाई आसंल."

हशा पिकला. मग गेणभाऊ कसनुसा होऊन म्हणाला, "आयला, आता मलाबी मीठच ऐकू आलं."

"बायांचे कान कच्चे!" सावळेराम म्हणाला.

"कान पक्के आहेत. मीच त्यांना अंगणात सांगितलं, मामी 'घे ते मीठ' म्हणतात म्हणून. मी रोज बघते. आता बीप वाजेल म्हटलं, की वाजायच्या आधीच माणसं बटण दाबतात. खोटेपणा नसतो त्यात. अर्धवट आवाज असला, की कान सांगितलेला शब्द भरून टाकतो."

"मंग जुन्या प्लेअरवर का नाय ऐकू आलं?" गेणभाऊने विचारलं.

हर्षालीने जुना प्लेअर त्याच डब्याला जोडला. सावळेरामचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला.

"हात राहू द्या. जुन्याला थोडा बारीक, नव्याला थोडा मोठा. एवढीच करामत."

तिने ते बटण चिकटपट्टीने बांधलं. दोन्ही यंत्रांवर चादर टाकली. चादरीखाली सीडी बदलायचं काम शेजारच्या भागूला दिलं. कुठलं यंत्र वाजतंय, हे सावळेरामने दहा वेळा सांगायचं. पाच वेळा चुकला, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. आकडे तेच, डबा तोच, मग आवाज वेगळा येणार कुठून?

"येवढ्या अविश्वासात नाद बसत न्हाई, पावणं," तो कपाळ पुसत म्हणाला.

"मंग कानस उचला आन् निघा, राव," गेणभाऊ म्हणाला.

मला मात्र हर्षालीचाच राग आला. "मग ती काय म्हणाली? सांग ना!"

"माहीत नाही, मामा. कदाचित काहीच नाही." ती माझ्याजवळ बसली. "आणि 'येते' म्हणाल्या असत्या, तरी... आपल्यात बाई घरातून निघताना काय म्हणते?"

मला ठाऊक होतं. जाते असं कुणी म्हणत नाही. तो शब्द असलाच, तर निरोपाचा होता. मी त्याचं वचन करून दार धरून बसलो होतो.

दुपारी आम्ही सीडीच्या दोन कॉप्या काढल्या. मूळ सीडीला काहीही झालं नाही.

मी फार शिकलेलो नाही, पण एवढं सांगतो. कुणी चमत्कार ऐकवायला बोलावलं, तर काय ऐकू येणार ते त्याला आधी सांगू देऊ नका. यंत्र झाका आणि बटण दुसऱ्याच्या हातात द्या. आणि ज्याचं माणूस गेलंय, त्याच्या भ्रमाभोवती गर्दी करू नका. त्याला आपल्याबरोबर शेतावर बोलवा. तो नाही म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवा.