भिंतीतली अकरा भोकं

मिस्त्रीची धाकटी लेक सासरहून कायमची परत आली, त्याच वर्षी त्याच्या थोरल्या भावाला बांधकामावर पहारेकऱ्याचं काम लागलं. लावून दिलं मिस्त्रीनेच. टेकडीचा उतार कापून जागा सपाट केलेली, मागची माती धरायला मिस्त्रीने दगडी भिंत बांधलेली, आणि भिंतीच्या पायथ्याशी पत्र्याची एक खोली. तीत दादा आणि वहिनी.

चार दिवसांची झड थांबली त्या सकाळी मिस्त्री कामावर आला आणि भिंतीसमोर उभाच राहिला. भिंत कोरडी होती.

गुडघाभर उंचीवर त्याने अकरा भोकं ठेवली होती. मातीत मुरलेलं पाणी त्यातून बाहेर पडावं म्हणून. पाण्याला वाट मिळाली नाही की ते भिंतीलाच ढकलतं, हे त्याला चाळीस वर्षांच्या कामाने शिकवलं होतं. आज अकराच्या अकरा गळायला हवी होती.

"काय भावोजी, स्वतःच्याच भिंतीला नजर लावताय?" वहिनी दारातून म्हणाली. "चहा घ्या आधी."

"वहिनी, पाणी कुठे गेलं?"

"गेली एकदाची पीडा. महिनाभर तो लाल चिखल माझ्या चुलीपर्यंत यायचा. केला यांनी बंदोबस्त."

दादा टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "बघ बरं, कुठे भोक होतं ते सांग. म्हणे दादाला थापी धरता येत नाही."

खरंच सफाईने बुजवलं होतं. मिस्त्रीने हात फिरवला. "सिमेंटचा माल कुठला?"

"तूच दिलास की घमेलंभर, रविवारी. उंबरा करून उरला. म्हटलं, वाया कशाला घालवा."

भोकं कशासाठी असतात हे मिस्त्रीने दादाला कधी सांगितलं नव्हतं. दादानेही विचारलं नव्हतं. धाकट्याला काय विचारायचं?

मिस्त्री भिंतीवर चढला आणि वरून ओळंबा सोडला. दोरी सरळ खाली आलीच नाही. भिंतीच्या पोटावर अडली. भिंतीला पोट सुटलं होतं.

मागे खोदकामाच्या मातीचा ढीग होता, अगदी कडेला. त्याच्यापलीकडे जमिनीत भेग गेली होती, भिंतीइतकी लांब. मिस्त्रीने तिच्यात हात घातला. मनगटापर्यंत गेला.

सुपरवायझर स्लॅबच्या सळया मोजत होता. "मशीन दुपारी येईल, तेव्हा उचलू ढीग," तो म्हणाला. "आणि भिंत तुम्हीच बांधलीत ना मिस्त्री? मग घाबरता कशाला?"

मिस्त्री खाली आला. "वहिनी, उठा. आहे तसं टाका आणि रस्त्यापलीकडे जा."

"अहो, पण भात चुलीवर आहे."

"राहू दे भात."

त्याचा आवाज ऐकून ती उठली. चुलीतलं लाकूड ओढून विझवलं, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि गेली.

दादाने तोवर पहार उचलली होती. पहिल्या भोकावर चार घाव घातले, तशी पाण्याची धार सुटली ती त्याच्या पोटरीवर. विटेच्या रंगाचं, दाट पाणी. मिस्त्रीला ते बघवेना. नुसतं पाणी आलं असतं तर हायसं वाटलं असतं. हे मागची मातीही घेऊन येत होतं.

"दादा, पुरे. सोड. चल."

"बुजवलं कुणी? मी. मग उघडणार कोण?"

"दादा, ऐक माझं."

"तू वर जा. माणसं लाव, घमेल्यांनी उपसा तो ढीग. भिंत पडली तर तुला परत काम कोण देईल? घरात लेक येऊन बसलीय, तिचा विचार कर." दादा दुसऱ्या भोकाकडे वळला. "जा म्हटलं ना."

थोरल्याचा शब्द मिस्त्रीने जन्मात मोडला नव्हता. तो गेला.

वर सहा माणसं मिळाली. घमेली हातोहात फिरू लागली. खालून पहारीचा आवाज येत होता, एका लयीत, मध्येच पाण्याचा सळसळाट, पुन्हा पहार. मिस्त्री आवाजावरून भोकं मोजत होता. तिसरं. चौथं.

मग ढीग खाली बसला. दमलेला माणूस बसावा तसा, सावकाश, फारसा आवाज न करता. भेगेची अलीकडची कड हातभर खाली गेली.

"मागे व्हा," मिस्त्री माणसांना म्हणाला आणि स्वतः कडेकडे धावला. "दादा!"

पहारीचा आवाज अजून येत होता. नंतर भिंतीचा आला.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर सुपरवायझरने पावसाचं कारण दिलं. पाऊस खूप झाला, कुणाच्या हातात काय असतं. ढिगाबद्दल तो बोलला नाही. अधिकारी मान हलवत लिहीत होता. वहिनी स्लॅबखालच्या खांबाला टेकून बसली होती, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला.

"भोकं बुजवलेली होती," मिस्त्री म्हणाला. "आणि वर मातीचा ढीग होता, तो उचला म्हणून मी सकाळीच सांगितलं होतं. दोन्ही लिहा."

"कुणी बुजवली?"

मिस्त्रीने वहिनीकडे पाहिलं नाही. "माल माझा होता. भिंत माझी, भोकं माझी. सांगायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. तेवढं लिहा."

अधिकाऱ्याने लिहिलं. मिस्त्रीने खाली सही केली, एकेक अक्षर सुटं काढून.

दादा भिंत पडली त्याच दिवशी गेला. दुपारी सव्वाबाराला, पाचव्या भोकापाशी. वय एकसष्ट.