एक घास जास्तीचा

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण मी सारखं 'हे' 'हे' करीन तं तुमाले काय समजन? म्हणून घेते. रुपराव. समुद्राकडं जाऊन झिंग्याचं बी तयार करणं शिकून आला, अन् तिथूनच आमच्या डोक्याले ताप सुरू झाला.

एशियाडच्या नंतरचं वर्ष होतं ते. प्रताप नगरच्या पुढं तेव्हा नुसती शेतं. तिथं आमच्या ढीवर सोसायटीची, म्हणजे आमा मासे धरणाऱ्यायची, टिनाची शेड होती, तिच्यात सिमेंटच्या तीन टाक्या. समुद्राचं पाणी ट्रकमधून ड्रमात यायचं, त्यात विहिरीचं गोडं पाणी मिसळायचं, अन् त्यात झिंग्याचे पिल्लं वाढवायचे. पिल्लं म्हणजे काय बापा, तुटलेल्या केसावाणी! डोकं खाली, पोट वर, उलटेच पोहत. "मोठे झाले का सरळ होतीन," रुपराव म्हणे, "तळाशी उतरून चालतीन. मंग समज आपण सुटलो."

सुटलो म्हणजे आमी मासे धरतो तो तलाव वाचला. सोसायटीचे अध्यक्ष देवराव, त्यायनं साफ सांगतलं होतं, यंदा तलावात झिंग्याचं बी पडलं तं तलाव ढीवराचा, नाही तं ठेका बाहेरच्या माणसाले जाईन. तलाव गेला तं साऱ्यायनं जाळे खुंटीले टांगायचे अन् दुसऱ्याच्या बांधकामावर गोटे उचलायचे. अन् हे खूळ सोसायटीच्या डोक्यात घातलं कोणं? आमच्या मालकानं!

पहिली टाकी गेली तेव्हा मी एवढी भ्याली नाही. पिल्लं पांढरे पडले, सुस्त झाले, मंग तळाशी जाऊन बसले. पाण्याले उग्र वास. रुपरावनं टाकी घासली, पाण्यात औषध टाकलं, मले घडीघडी साबणानं हात धुवाले लावले. "जंतू हायेत," म्हणे, "डोळ्यानं दिसत नाही." मंग दुसरी टाकीही तशीच गेली. रुपरावचं जेवण सुटलं. ताट समोर अन् माणूस टाकीकडं.

पिल्लायले खाऊ घालणं माझं काम. अंडं अन् दूध फेटायचं, वाफवून वडी करायची, गांधीबागेतून आणलेल्या मलमलीतून चोळून गाळायची अन् चिमटीनं टाकायची. रुपरावनं माप ठरवून देलं होतं, मी त्याच्या एक कण पुढं जात नव्हती. दुपारी मी घरी स्वयंपाकाले गेली का माझी सासू, प्रयागबाई, टाक्यायजवळ बसे. मी तिले आत्याबाई म्हणते.

एक दिवस मी मलमल धुवाची विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली. पाह्यतो तं काय, आत्याबाई तिसऱ्या टाकीवर वाकलेली, हातात वाटी, अन् वडी कुस्करून कुस्करून टाकून राहिली! वरून लाडानं म्हणून राहिली, "घे वं बाई. अजून एक घास. लाजू नको."

पंगतीत नाही नाही म्हणणाऱ्याच्या ताटात वाढतात नं, तसं.

माझं डोकंच फिरलं. वाटी हिसकली. "आत्याबाई, काय करून राहिल्या हे? रोज टाकता?"

"रोज कुठं," आत्याबाई म्हणे, मंग खाली पाह्यत, "हाव, रोजच. तुमी चिमटीनं टाकता वं. एवढ्यानं काय होते? लेकरं हायेत ते."

मी रुपरावले सांगतलं. लपवाले मी काही देवी नाही. तो मायवर ओरडला नाही, ओरडला असता तं बरं झालं असतं. टाकीच्या काठावर बसला अन् हळूच म्हणे, "माय, उरलेलं खाणं सडते. त्याच्यातच जंतू वाढतात. हे भुकेनं नाही मेले. पोटभर वाढलं म्हणून मेले."

आत्याबाईनं पदर तोंडात धरला. मंग बोलली, "तुह्याआधी मले एक पोट्टी होती, रुपा. दुष्काळात गेली. मरताना मागून राहिली होती, अन् घरात भाताची पेजही नव्हती."

मले माहीत नव्हतं. रुपरावलेही नव्हतं.

मंग तिसऱ्या टाकीचा तळ आमी नळीनं ओढून साफ केला, पाणी बदललं, खाणं एक दिवस बंदच ठेवलं. आत्याबाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसे. पिल्लं जगले तं खरे, पण रोज सकाळी आल्या आल्या मी आधी टाकीतच डोकावून पाह्यत होती.

देवरावले दाखवाचा दिवस आला. रुपराव त्यायले आणाले गेला. मी शेडमध्ये आली, टाकीत पाह्यलं, अन् माय वं! वरचं पाणी रिकामं. जे रोज उलटे पोहत, त्यातला एखाद-दुसराच. बाकीचे सारे तळाशी.

"टाकलं नं परत?" मी आत्याबाईवर अशी ओरडली का पत्रे दणाणले. "मारले नं हेही? तलाव बुडवला तुमी! साऱ्या ढीवराच्या पोटावर पाय देला!"

"नाही वं प्रेमिला. देवाशपथ नाही. हात नाही लावला मी." म्हातारी हात मांडीखाली दाबूनच बसली होती.

बाहेर देवरावची फटफटी थांबली. मले वाटलं, धरती फाटावी अन् आपण त्यात जावं. वास तरी मारते का म्हणून मी वाकली. वास नव्हता. पाणी साफ. अन् तळाशी एक झिंगा, नखाएवढा, पाय टाकत टाकत भिंतीकडं चालला होता. पोट खाली. पाठ वर. मंग दुसरा. मंग सारेच दिसाले लागले मले, सरळ झालेले, आपल्या पायानं चालणारे.

"आत्याबाई," मी म्हटलं, "चालून राहिले वं. मोठे झाले!" मी तिचे पाय धरले अन् ढसाढसा रडली. इतकं वाईट बोलली होती मी, कोणत्या तोंडानं वर पाहू?

तिनं मले उठवलं नाही, रागावलीही नाही. टाकीत पाह्यत राहिली. दारात रुपराव अन् देवराव येऊन उभे होते. तरी मांडीखालचे हात तिनं काढले नाही.

"रुपा," तिनं लेकाले विचारलं, "आता तं देऊ का गा एक घास?"