केळझरच्या वाटेवर बंद पडणारी मोटार

सेलूच्या दवाखान्याची मोटार महायुद्धाच्या आधीची होती. रंग विटलेला, मागच्या एका दाराला कडीच्या जागी सुतळी, बसायच्या गादीत काथ्या. सुलोचनाबाई डॉक्टर होऊन सेलूला आल्या त्याच वर्षी गावातल्या एका व्यापाऱ्यानं ती दवाखान्याला देऊन टाकली, आणि मोटारीबरोबर तिचा ड्रायव्हर तानबाही दवाखान्यात आला. तानबा वयानं बाईंपेक्षा बराच मोठा होता. आधी बैलगाडीवर सरकीची पोती वाहिलेला माणूस; मोटार शिकला ती बघून बघून, आणि आपल्याला ती पूर्ण कळते याबद्दल त्याच्या मनात कधी शंका आली नाही.

छप्पन सालच्या होळीनंतर मोटारीनं नवी खोड काढली. सकाळी एका हँडलात सुरू व्हायची, झोकात निघायची, आणि काही मैल गेलं की ठसकायची. दोन गचके देऊन बंद. मग कितीही हँडल मारा, हूं की चूं नाही. पण अर्धा तास झाडाखाली उभी ठेवली की पुन्हा शहाण्यासारखी चालायला लागायची. वर्ध्याच्या मेकॅनिकनं प्लग बदलले, कार्बोरेटर खोलून धुतला, गल्लीतून दोन चकरा मारल्या आणि गाडी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. परत येताना ती पवनारच्या पुढे बंद पडली.

तानबाचं निदान ठरलेलं होतं. "इंजन तापते, बाई. उनाचे दिवस. नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन राह्यली. पाऊस लागला का आपोआप ठीक होईन."

सुलोचनाबाईंना ते पटत नव्हतं, पण दवाखान्यातली रांग सोडून मोटारीच्या मागे लागायला त्यांना सवड नव्हती.

चैत्रातल्या एका सकाळी केळझरच्या पलीकडच्या डोंगरातल्या गोंडांच्या पाड्यावरून टिकाराम आला. उसनी सायकल, अंगावर धूळ, बोलताना धाप. त्याची बायको रुखमा आदल्या दिवसापासून अडली होती. "माय म्हणते, लेकरू आडवं हाय," तो म्हणाला. त्याची आई धुरपता पाड्यावरची सुईण होती. तिनं आडवं म्हटलं म्हणजे आडवंच, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी पेटी उचलली.

जाताना मोटार केळझर ओलांडल्यावर एकदा बंद पडली. तानबानं पाण्यात भिजवलेलं फडकं इंजिनाच्या पेट्रोल-पंपावर ठेवलं, बिडी ओढली, आणि ती सुरू झाली. "पाह्यलं? थंडी झाली का चालते," तो म्हणाला.

पाड्यावर बाईंनी रुखमाला तपासलं. पाणी जाऊन बराच वेळ झाला होता; आता पोटावरून हात फिरवून मूल वळवण्याची वेळ राहिली नव्हती. मुलाचे ठोके मात्र ऐकू येत होते.

"वर्ध्याला न्यायचं. ऑपरेशन करावं लागेल," त्या म्हणाल्या. "आत्ता निघालो तर दोघंही वाचतील."

धुरपतानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "तू म्हणतेस तं नेऊ," एवढंच म्हणून ती स्वतः आधी मोटारीत बसली आणि सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. टिकाराम पुढे तानबाशेजारी बसला.

उतार संपला, पळसाची झाडं मागे गेली, केळझरच्या गणपतीचा कळस दिसायला लागला आणि मोटार ठसकली. दोन गचके. बंद.

टिकारामनं उतरून ढकलायला सुरुवात केली. तानबानं हँडल मारलं; घामाघूम झाला. मग त्यानं बॉनेट उघडलं. "तापली. थांबा लागन, बाई."

"किती?"

"आता कसं सांगू? थंडी होईपर्यंत."

रुखमानं ओठ चावून धरले होते. बाईंचं बोट तिच्या नाडीवर होतं. नाडी जलद होती, पण भरीव होती. अजून वेळ होता. अर्धा तास वाया घालवण्याइतका मात्र नव्हता. घाबरून हँडल मारण्यात अर्थ नाही, हे बाईंना कळत होतं. त्या तिथूनच विचारायला लागल्या.

"तानबाजी, गेल्या मंगळवारी सेलूच्या बाजारात बंद पडली तेव्हा किती वेळ थांबला होता?"

"थांबलोच नाई. म्हटलं पेट्रोल कमी असन, म्हणून डब्यातलं टाकलं. लगेच सुरू झाली."

"टाकीत पेट्रोल नव्हतं?"

तानबा थबकला. "होतं. अर्धी टाकी होती."

"म्हणजे पेट्रोल कमी नव्हतं. आणि दुपारचं ऊन होतं, इंजिन आत्तापेक्षा जास्त तापलेलं. थंड न होता सुरू झाली."

"झाली खरी."

"मग उष्णतेचा काही संबंध नाही. डबा ओतायच्या आधी तुम्ही काय केलं?"

"काय करीन? झाकण काढलं."

बाई दार उघडून खाली उतरल्या. गाडीच्या मागे जाऊन त्यांनी टाकीचं झाकण धरलं. ते चांगलंच घट्ट होतं. दोन्ही हातांनी पिळावं लागलं. फिरलं तसा आतून सूंऽऽ असा लांब आवाज आला, जणू पाण्यात बुडालेला माणूस वर येऊन हवा ओढत होता.

"मारा हँडल," त्या म्हणाल्या.

"बाई, आता तं..."

"मारा."

तानबानं मारलं. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला इंजिन खोकलं, आणि तिसऱ्या खेपेला धडधडायला लागलं. टिकारामनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"हे झाकण कधीचं?" बाईंनी विचारलं.

"होळीचं. जुनं पडलं कुठंतरी. म्या पत्र्याचं काम करणाऱ्याकडून नवं करून घेतलं. ट्यूबचा रबरी वायसर बसवला आतून. एक थेंब सांडत नाई." हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता, पण शेवटच्या शब्दाला तो ओसरला. "जुन्या झाकणाले मधी एक बारीक भोक होतं. मले वाटलं, गंजानं पडलं."

"गंजानं नव्हे. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला नको का? हवा नाही, म्हणून पंप ओढतो आणि येत काही नाही. अर्धा तास थांबलं की थोडी हवा फटीतून आत झिरपते, म्हणून मग चालते."

बाईंनी झाकण त्याच्या हातात दिलं, पेटीतलं स्वच्छ फडकं टाकीच्या तोंडावर बांधलं आणि आत येऊन बसल्या. तानबा गाडी चालवत होता, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. दर थोड्या वेळानं तो कान टवकारायचा. केळझर गेलं. सेलूची वेस गेली. दवाखान्यासमोर रांगेत बसलेली माणसं उठून उभी राहिली, पण मोटार थांबली नाही. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्याच्या फाटकातून आत शिरेपर्यंत तिनं एकदाही ठसका दिला नाही.

तिथल्या सर्जनबरोबर बाईही ऑपरेशनला उभ्या राहिल्या. मुलगी झाली. आधी निळसर होती. दाराशी उभ्या धुरपतानं तिला हातात घेऊन चोळल्यावर, आणि आपल्या भाषेत जरा जोरानंच काहीतरी सुनावल्यावर, ती रडली. धुरपता काय म्हणाली ते बाईंना कळलं नाही. टिकारामला कळलं आणि तो रडता रडता हसला.

बाई बाहेर आल्या तर मोटार जागेवर नव्हती. थोड्या वेळानं ती फाटकातून आली. तानबा उतरला, चेहरा लाल.

"कुठे गेला होतात?"

"पाहून आलो, बाई. आपण दुसऱ्याच्या बोलण्यावर गाडी चालवत नाई." त्यानं खिशातून झाकण काढलं. "हे गच्च लावलं अन् नागपूर रोडनं गेलो. पवनारच्या अलीकडे बंद पडली. झाकण काढलं, सूं झालं, अन् चालली. मंग पुन्हा लावलं. पुन्हा बंद. तुमचं बरोबर हाय."

मग त्यानं टूलच्या पेटीतून खिळा काढला, झाकण पायरीच्या दगडावर पालथं ठेवलं आणि हातोडीच्या दोन ठोक्यांत मधोमध भोक पाडलं. उजेडाकडे धरून त्यातून पाहिलं. "मंगळवारीच समजाले पायजे होतं मले," तो म्हणाला, आणि मोठ्यानं हसला. बाईही हसल्या. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं हे दोघांनाही तेव्हाच आठवलं. फाटकाबाहेरच्या हॉटेलात त्यांनी आलूबोंडे मागवले.

रुखमाला घरी सोडलं तेव्हा वैशाख लागला होता. मागच्या गादीवर ती लेकीला घेऊन टिकारामशेजारी बसली. बाई तिच्या पलीकडे. धुरपतानं मात्र मागे बसायला साफ नकार दिला, ती पुढे तानबाच्या शेजारी बसली आणि डोंगराचा चढ लागल्यावर त्याला सांगायला लागली, "हळू घे. इथं गोटे हायेत. आता डावीकडून घे."

"मले रस्ता माहीत हाय, माय," तानबा म्हणाला, आणि त्यानं गाडी डावीकडून घेतली.