खवल्याखालचा ओलावा

मी अनंत बोलतोय. हळूच बोलतोय, कारण फार दमलोय. दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीला टेकून जे झुडूप उभं आहे, ते मी. मुळं धाकट्या जावेच्या अंगणात, अर्ध्या फांद्या थोरलीच्या. इथून दोन्ही स्वयंपाकघरं दिसतात. लोकांच्या घरात डोकावू नये हे मलाही कळतं, पण जागाच अशी मिळाली, त्याला मी काय करू?

मला आणलं थोरलीनं. रोपवाटिकेतून, काळ्या पिशवीत, बोटभर होतो. तिच्या अंगणात सगळी फरशी, म्हणून धाकटीच्या मातीत लावलं. "माती तुझी, वास दोघींचा," म्हणाली. माझी पांढरी फुलं त्या भिंतीवरूनच वाटून घ्यायच्या, आणि त्या निमित्तानं अख्ख्या गल्लीची उणीदुणी निघायची. ऐकायला मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग माझ्या अंगावर ते बिऱ्हाड आलं. फांद्यांवर आणि पानांच्या पाठीवर, शिरेला धरून, मसुराएवढे तपकिरी फुगवटे. हलणं नाही की डुलणं नाही. सालीच्याच गाठी असतील म्हणून धाकटीनं सोडून दिलं. ती खवले कीड होती. खवल्याखाली लपायचं, सोंड रुतवायची, बसल्या जागी माझा रस ओढायचा आणि जास्तीचा चिकट थेंब करून खाली सोडायचा. फुकटचं जेवण, वर सांडलवंड.

ते थेंब नेमके थोरलीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. तिला वाटलं, धाकटी उरलेला चहा भिंतीवरून भिरकावते.

"मोरीपर्यंत जायला पाय दुखतात का गं?" तिनं एकदा विचारलं.

"चहा फेकण्याइतकी साखर आमच्याकडे उतू जात नाही, ताई," धाकटी म्हणाली.

झालं. बोलणं बंद. थोरलीनं दोरीसुद्धा हलवली नाही. चूक तिची असताना माझी दोरी का हलवू, असं नवऱ्याला ऐकवलं. मी मधे उभा. खरं काय ते मला ठाऊक, पण माझ्या तोंडाला वाचा नाही.

चिकट पानांवर काळी बुरशी धरली. रस्त्याची धूळ समजून धाकटी रोज ओल्या फडक्यानं पानं पुसायची, पण वरूनच. पान उलटून पाहायचं तिला सुचलं नाही. खोडावर मुंग्यांची रांग लागली तेव्हा ती खूश झाली, झाड साफ करतायत म्हणून. साफ कसलं, त्या गोडाच्या लोभानं किडीची राखण करत होत्या. मी पिवळा पडलो तसं तिनं खत वाढवलं. कोवळी पालवी फुटली आणि त्या बिऱ्हाडाची चंगळ झाली. माया होती हो तिची, पण आंधळी.

शेवटी एका सकाळी थोरली करवत घेऊन आली. "माझ्या बाजूचं सगळं छाटून टाकते," म्हणाली. असल्या अवस्थेत अर्धं अंग गेलं असतं तर मी काही उठलो नसतो. आणि मी गेल्यावर मधे नुसती भिंतच उरली असती.

थोरलीच्या हातांना चाळा फार. सुटा धागा दिसो, भिंतीचा पोपडा दिसो, उचकटल्याशिवाय राहवत नाही. करवत लावायच्या आधी तिनं सहज एका गाठीत नख घातलं. गाठ टपकन निघाली. खाली ओलं, पिवळट, आणि खालची साल शाबूत. बोट चिकट झालं. तिनं ते दुसऱ्या बोटावर चोळलं, मग मागच्या दोरीवरल्या चादरीचा डाग चोळून पाहिला. चिकटा तोच. तिनं करवत खाली ठेवली.

"अगं, जरा बाहेर ये," तिनं हाक मारली. धाकटी दारात आली. "चहा नव्हता तो."

माफीबिफी कुणी मागितली नाही. धाकटीनं साबणाचं पाणी आणि जुने टूथब्रश आणले. फार भरलेल्या फांद्या कापून पिशवीत बांधून टाकल्या. उरलेल्या फांद्या दोघींनी दोन बाजूंनी घासल्या, पानं उलटी करकरून. खोडाला ग्रीस लावलेली पट्टी गुंडाळली, मुंग्यांची वाट अडली. खत बंद झालं. मेलेल्या आईच्या खवल्याखालूनही पिल्लं निघतात, म्हणून दर आठवड्याला पांढऱ्या कागदावर फांदी झटकायची. ठिपके चालू लागले की पुन्हा घासायचं.

आता कागदावर काही चालत नाही. खवले दिसतात अजून, पण मेलेला खवला आपणहून गळत नाही. नख लावलं की भुगा होतो.

तरी परवा थोरलीनं एक खवला खरवडला. कोरडा ठणठणीत, मला कळत नाही का? बोटावरचा भुगा तिनं पदराला पुसला आणि म्हणाली, "अजून ओला आहे गं हा एक. पुढच्या आठवड्यात परत बघावं लागेल."

"मग बघू की," म्हणत धाकटीनं ब्रश धुऊन ठेवले.

मी उघडा, थोटा, थकलेला आहे. घासून घासून अंग हुळहुळतं. आता जरा निजू द्या, असं फार वाटतं. पण तुम्ही त्या घरांवरून जाल, तर धाकटीला एवढं सांगू नका, की तो खवला कोरडा होता.